अडकित्ता अक्रोड फोडतो का?

आमच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायटीतल्या एका ताईंची मुलगी बॅले शिकते. डिसेंबरात तिच्या क्लासचा कार्यक्रम आहे, 'द नटक्रॅकर'. घरच्या वडीलधाऱ्यांसाठी मराठीत पत्रिका करावी म्हणून ताईंनी फोनवर भाषांतर करून पाहिलं, तर उत्तर आलं 'अडकित्ता'. पत्रिकेचा कच्चा मसुदा वाचून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे नाच झाल्यावर पानसुपारी आहे का?" ताईंनी मग मला दोन प्रश्न पाठवले. नटक्रॅकरला, म्हणजे अक्रोडासारखी टणक कवचं फोडायच्या हत्याराला, मराठीत अडकित्ता म्हटलेलं चालेल का? आणि सुपारी त्यात अडकते, म्हणून तो अडकित्ता, हे खरं का?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात गंमत जास्त आहे.

अडकित्त्याचा 'अडकणे'शी संबंध नाही. हा शब्द दक्षिणेकडून आला. कानडीत सुपारीला 'अडके' किंवा 'अडिके' म्हणतात आणि कात्रीला 'कत्तरी'. सुपारीची कात्री ती 'अडकत्तरी'. कानडीतच 'अडकोत्तु' असंही तिचं नाव आहे. आपला अडकित्ता या घरातला. तूप, अण्णा जसे तिकडून आले आणि आपलेच होऊन बसले, तसाच हाही. कानडी न येणाऱ्या मराठी माणसाला त्यातली 'अडके' ओळखू आली नाही, मग त्याने त्यात आपलं ओळखीचं 'अडकणे' पाहिलं. परक्या शब्दाला घरचा अर्थ चिकटवायची ही खोड सगळ्याच भाषांना असते. कुणी उद्या त्यातला 'कित्ता' काढून अडकित्ता गिरवायला लागलं तरी मला नवल वाटणार नाही.

या 'अडके'चा दुसरा प्रवास तर आणखी लांबचा. मल्याळममध्ये सुपारी म्हणजे 'अडक्का'. तो शब्द पोर्तुगीजांनी उचलला आणि त्यांच्या तोंडी त्याचं 'अरेका' झालं. पुढे 1753 साली स्वीडनच्या लिनियस या वनस्पतीशास्त्रज्ञाने पोफळीला शास्त्रीय नाव दिलं ते 'अरेका कॅटेचू'. कॅटेचू म्हणजे काथ. झाडाच्या नावातच सुपारी आणि काथ दोन्ही आले, पान-चुना तेवढा राहिला. तात्पर्य, वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकातला 'अरेका' आणि आजीच्या पानपुड्यातला 'अडकित्ता' हे दूरचे नातेवाईक आहेत.

आता कुणी म्हणेल, मग 'अडकित्त्यात सापडणे' या वाक्प्रचाराचं काय? तिथे तर अडकणंच आहे. आहे, पण ते हत्याराच्या कामातून आलं आहे, नावातून नव्हे. पुरावा शेजारीच मिळतो. तेलुगूत अडकित्त्याला 'अडकत्तेरा' म्हणतात, आणि दोन्हीकडून कोंडी झालेल्या माणसाला 'अडकत्तेरातलं सुपारीचं खांड' म्हणायची तिथे रीतच आहे. कानडी वर्तमानपत्रांतही कुठला तरी मंत्री दर आठवड्याला 'अडकत्तरी'त सापडलेला असतो. तिथे मराठी 'अडकणे' आड येत नाही, तरी उपमा तीच. वर पातं, खाली बैठक आणि मध्ये आपण, एवढं डोळ्यांसमोर आलं की पुरे.

आता पहिला प्रश्न. इथे थोडं स्वयंपाकघरात जावं लागेल.

अडकित्त्याला पातं असतं. वरच्या दांडीला धार, खालच्या दांडीवर सुपारी टेकते, आणि दांड्या मिटल्या की सुपारी कातरली जाते. 'कातरणे' हेच त्याचं क्रियापद. आमची आजी सुपारी तर कातरायचीच, पण श्रीखंडावर घालायचे बदामाचे कापही त्यानेच करायची, कागदासारखे. पोफळीच्या फळाची साल आधीच सोलून काढलेली असते, अडकित्त्याखाली येतो तो आतला गर. म्हणजे जे खायचं तेच कापायचं.

नटक्रॅकरचं काम याच्या उलटं. त्याला धार नसते, दाते किंवा खाचा असतात. अक्रोडाचं, हेझलनटचं टणक कवच त्याने फोडायचं आणि आतला गर मात्र शाबूत राहायला हवा. अडकित्त्यात अख्खा अक्रोड घालून बघा. एकतर तो निसटून सोफ्याखाली जाईल, नाहीतर कवचासकट गराचा चुरा होईल. कागदी अक्रोड असेल तर एखाद्या वेळी जमेलही, पण कागदी अक्रोडाला हत्यार लागतंच कुठे, मुठीत दोन घेऊन दाबले की झालं.

इथे कुणी अडवेल की मराठीत सुपारीही 'फोडतात'च की! बरोबर. लग्न ठरलं की सुपारी फोडतात, 'त्यांच्याकडे सुपारी फुटली' म्हणजे सोयरीक पक्की. पण तिथेही अख्खी सुपारी फुटते, कवच नाही. आधी फोडून खांडं करायची, मग खांडं कातरायची. (सुपारी देणे-घेणे हा वेगळा विषय. बँजो पार्टीलाही सुपारी देतात आणि गुंडालाही, त्यात अडकित्ता लागत नाही.)

मग अक्रोड फोडायला मराठी घरात काय होतं? बत्ता होता, वरवंटा होता. आणि मुलांसाठी होती दाराची फट. बिजागरीजवळ अक्रोड धरायचा आणि दार हळूच लोटायचं. ठाण्यात जुन्या चाळींत वाढलेल्या माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, रंग उडालेली चौकट आणि त्यावरून खाल्लेला मार दोन्ही आठवतील. खरा मराठी नटक्रॅकर तो. यंत्र म्हणूनही तो अगदी शुद्ध आहे. टेकू एका टोकाला, जोर दुसऱ्या टोकाला, भार मध्ये. ही दुसऱ्या प्रकारची तरफ. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तिचं ठरलेलं उदाहरण काय असतं? अडकित्ता! इंग्रजी पुस्तकात त्याच जागी नटक्रॅकर असतो. दोघांची गाठ पडली ती बहुधा अशी. तरफ म्हणून ते जुळे आहेत, हत्यार म्हणून नाहीत. शब्दकोशाने जुळेपणा पाहिला, फोनने शब्दकोश पाहिला.

आणखी एक अडचण आहे. आपल्याला हत्याराला नाव नाही, कारण 'नट' या जातीलाच सरसकट नाव नाही. अक्रोड, बदाम, काजू, पिस्ते सगळे वेगवेगळे, आणि दुकानात एकत्र आले की 'सुकामेवा', पण त्यात बेदाणे-खारीकही येतात. वाशीच्या मसाला मार्केटात सुकामेव्याचे आणि सुपारीचे व्यापारी दोन्ही आहेत, पण सुपारीला 'नट' समजून अक्रोडाच्या शेजारी मांडायचं तिथे कुणाच्या मनात येणार नाही. इंग्रजीत मात्र ती 'बीटल नट', म्हणून अडकित्ता 'नट कटर'. एवढ्यावर इंग्रजी थांबली असती तर बरं होतं, 'कटर'ला 'क्रॅकर' करून घोळ झाला. (आणि मराठीत नुसतं 'नट' म्हटलं की आधी रंगभूमीवरचा. गडकरी रंगायतनच्या आवारात नटक्रॅकर म्हणाल तर लोकांना तो नाट्यसमीक्षक वाटेल.)

म्हणून मी प्रत्येक ठिकाणी विचारतो, इथे कातरायचं आहे, फोडायचं आहे की चेपायचं? वैद्यकात 'नटक्रॅकर सिंड्रोम' म्हणतात. डाव्या मूत्रपिंडाची शीर महाधमनी आणि तिची आतड्याकडे जाणारी फांदी यांच्यात दाबली जाते. इथे 'अडकित्त्यात सापडलेली शीर' असं म्हटलं तर मूळ इंग्रजीपेक्षा मराठी जास्त बोलकी वाटते, कारण आपल्या वाक्प्रचारात हीच कोंडी आहे. 1959 साली मेरी लीकी या संशोधिकेला टांझानियातल्या ओल्डुवाई घळीत माणसाच्या एका प्राचीन भाऊबंदाची भक्कम दाढांची जी कवटी मिळाली, तिला 'नटक्रॅकर मॅन' हे टोपणनाव पडलं. तिथे अडकित्ता नको, दाढांनी कुणी कातरत नाही. पुढे दातांच्या अभ्यासात दिसलं की ही मंडळी बहुधा गवतासारख्या वनस्पतींवरच जगत होती, तेव्हा त्या टोपणनावातलं इंग्रजीही फारसं खरं नाही. हिमालयात कावळ्याच्या कुळातला 'नटक्रॅकर' नावाचा पक्षी आहे, तो देवदार-चीडच्या बिया चोचीने फोडतो. त्यालाही अडकित्ता म्हणू नये.

उरला ताईंचा नटक्रॅकर. मुळात ही 1816 सालची जर्मन गोष्ट, तिच्यावरून चायकोव्हस्कीच्या संगीताचा बॅले 1892 मध्ये सेंट पीटर्सबर्गला रंगमंचावर आला. त्यातला नटक्रॅकर म्हणजे लाकडी शिपाई. पाठीमागची दांडी दाबली की त्याचा जबडा हलतो आणि तोंडात धरलेला अक्रोड फुटतो. जर्मनीत असे राजे, शिपाई, हवालदार बाहुले करायची जुनी परंपरा आहे. तो माणूस आहे, हत्यार नाही. त्याला अडकित्ता म्हणणं म्हणजे लाकूडतोड्याला 'कुऱ्हाड' म्हणणं.

आणि लाकूडतोड्यातच उत्तर आहे. मराठीत काम करणाऱ्याला नाव द्यायचा हा किती सोपा साचा: लाकूडतोड्या, घरफोड्या. त्यावर बेतून 'अक्रोडफोड्या' म्हणा. मुलांना जिभेवर घोळवायला मजा येईल, आणि आजीला कार्यक्रम पानसुपारीचा वाटणार नाही. पत्रिकेत वर 'द नटक्रॅकर' ठेवा, नाव जगभर तेच आहे, आणि खाली 'अर्थात अक्रोडफोड्या शिपाई'.

तरीही क्लासच्या बाईंना 'अडकित्ता'च हवा असेल तर निदान शुद्ध छापा. 'आडकित्ता' नको, 'अडकीत्ता' नको. आणि 'अडकित्त्याचा नाच' लिहाल तेव्हा त्यात दोन त लागतात, ताई. 'अडकित्याचा' नव्हे.