पोस्टर नको, शाडू द्या

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठवी-नववीची पोरं चित्रकलेच्या तासाला रमतात आणि विज्ञानाच्या तासाला घड्याळाकडं बघतात. विज्ञान दिनाला पोस्टर स्पर्धा घेतलीत, चित्रं सुरेख आली, पण विषयाची गोडी काही लागली नाही. मग कलेचा उपयोग करायचा तरी कसा? मी कोल्हापुरात चित्रकला शिकवत आलोय आणि विज्ञान शिक्षकांच्या जोडीनं असले उद्योग बरीच वर्षं करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पोस्टरची अडचण अशी की जलचक्राचं चित्र काढायला जलचक्र समजावं लागत नाही. पुस्तकातली आकृती मोठी केली, ढग रंगवले, झालं. त्यापेक्षा असं काम द्या की ते करताना हात अडेल, आणि का अडला हे कळल्याशिवाय पुढं जाताच येणार नाही. विज्ञान तिथं सुरू होतं.

माझं मत विचाराल तर शाडूपासून सुरुवात करा. गंगावेश, शाहूपुरी, बापट कॅम्प इथलं गणपतीचं काम पोरांनी येता-जाता पाहिलेलं असतं. प्रत्येकाला मातीचा गोळा द्या, हवं ते करू द्या. दोन-तीन दिवसांत तक्रारी सुरू होतात: सोंड तडकली, हत्तीचा कान गळून पडला. इथं उत्तर द्यायची घाई करू नका. तडा नेमका कुठं गेलाय, ते प्रत्येकाला वहीत काढायला लावा. सगळ्यांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या की पोरांनाच दिसतं, तडे बहुतेक पातळ भाग जाड भागाला जोडलाय तिथंच आहेत.

मग ओल्या मातीची एक पट्टी थापा, तिच्यावर १० सेंटिमीटरची रेघ ओढा, सावलीत ठेवा आणि रोज मोजा. रेघ आखूड होत जाते. कणांमधलं पाणी उडून जातं, कण एकमेकांजवळ सरकतात, माती आक्रसते. पातळ सोंड आधी वाळते, जाड पोट मागं राहतं आणि त्या ओढाताणीत सांधा तुटतो. एवढं कळलं की ओलं फडकं गुंडाळून सावकाश का वाळवायचं आणि कारागीर मातीत कापूस का मळतात, हे पोरं तुम्हालाच सांगतील. दुसऱ्या खेपेची मूर्ती आवर्जून करून घ्या. समजलेलं हाताला उपयोगी पडलं, हा अनुभव त्यांना तिथं मिळतो.

याच रेघेवरून थेट फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात जाता येतं. वर्गात कुणाचे तरी वडील किंवा काका शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत असतातच. पॅटर्न, म्हणजे ज्याच्यावरून साचा उठवतात तो नमुना, हव्या त्या मापापेक्षा किंचित मोठा का करतात, हे त्यांना वर्गात बोलावून विचारा. ओतलेला धातू थंड होताना आकसतो म्हणून. मातीचं आकसणं पाणी गेल्यामुळं, धातूचं उष्णता गेल्यामुळं. दिसायला एकच गोष्ट, कारणं दोन. हा फरक मुलांनी आपल्या शब्दांत मांडावा यासाठी मी एक अख्खा तास खुशाल खर्च करतो.

पीओपीही (प्लास्टर ऑफ पॅरिस) शेजारी ठेवा. ते वाळून घट्ट होत नाही. पाणी धरून ठेवतं, त्याचं पुन्हा जिप्सम, म्हणजे ज्या खनिजापासून ते बनवतात तेच, बनतं आणि ते होताना गरम होतं. वाटीत कालवून वाटीला बाहेरून हात लावू द्या. मात्र पीओपीत हात बुडवून ठेवू देऊ नका, जाड थरात चांगलाच चटका बसू शकतो. शेवटी वाळलेला शाडू आणि घट्ट झालेलं पीओपी पाण्याच्या दोन ग्लासांत टाकून ठेवा. विसर्जनाचा वाद मग मुलं स्वतः पाहिलेल्या गोष्टीवरून घालतात.

दुसरं काम नोव्हेंबरसाठी राखून ठेवा. मावळतीचे किरण देवळात थेट अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात तो किरणोत्सव. त्याच्या तारखा कोल्हापुरात सगळ्यांना पाठ असतात: ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. पण दोनदाच का आणि याच तारखांना का, हे मुलांना विचारून बघा. शाळेच्या गच्चीवरून पश्चिमेच्या क्षितिजाचं लांबलचक रेखाचित्र काढून घ्या. डोंगर, टाक्या, टॉवर, झाडं, सगळं प्रमाणात हवं. इथं तुमच्या चित्रकलेच्या शिक्षकांची खरी गरज लागेल. मग आठवड्यातून एकदा, सूर्य कुठं मावळला तिथं तारखेसह खूण करायची. बिंबाकडं रोखून बघायचं नाही, मोबाइलच्या झूममधून तर नाहीच; ते बुडाल्यावर खूण करायची. गळीत हंगामात क्षितिजावर धुरकट असतं, काही संध्याकाळी खूण चुकेल, चुकू द्या.

खुणा डावीकडं, म्हणजे दक्षिणेकडं सरकत जातात. डिसेंबरात त्या एकमेकींना चिकटायला लागतात आणि मुलं म्हणतात, सूर्य अडकला. २१-२२ डिसेंबरनंतर खुणा परत फिरतात. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस आणि तिथून १ फेब्रुवारी ४२ दिवस. फेब्रुवारीची खूण नोव्हेंबरच्या खुणेवर येऊन बसते तेव्हा पृथ्वीच्या कललेल्या आसाचा धडा काढा, त्याआधी नको. देऊळ पश्चिमाभिमुख आहे. बांधणाऱ्यांनी हे सरकणं किती बारकाईनं पाहिलं असेल, हा प्रश्न मुलंच विचारतात.

बाकीचं थोडक्यात. जास्वंदीची आकृती फळ्यावरून उतरवून न घेता हातात फूल देऊन काढायला लावा. टोकाशी पाच कुक्षी आणि खाली नळीवर चिकटलेले पुंकेसर पेन्सिल फिरवतानाच सापडतात. वाजवण्याआधी हलगी का शेकतात, यावरून आवाजाचा धडा सुरू करता येतो. ज्यांना लिहायला आवडतं त्यांना विज्ञानकथा लिहू द्या. जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मले, आणि मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी पहिली कथा टोपणनावानं पाठवली होती, नावामुळं परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून. हे सांगितलं की बुजरी मुलंही टोपणनावानं कथा आणून देतात.

हळदीच्या कागदावर साबणाच्या पाण्यानं काढलेलं लाल चित्र सगळेच सुचवतील. छान आहे, पण बहुतेक ठिकाणी ते टाळ्यांवरच थांबतं. मुलांनी लिंबू, चुना, सोडा स्वतः लावून बघितल्याशिवाय त्यावर तास घालवू नका.

एक गोष्ट मी आग्रहानं सांगेन. चित्राला चित्र म्हणूनही मान द्या. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसणारी मुलं रेषेबद्दल फार हळवी असतात. त्यांची रेषा फक्त तुमच्या धड्याची सोय म्हणून वापरली गेली, तर त्यांना ते लगेच कळतं. म्हणून मूल्यमापन दोन्ही शिक्षकांनी बसून करावं, चित्रातली नजर आणि मागचा तर्क दोन्ही बघून.

क्षितिजाचं कोरं रेखाचित्र मात्र दिवाळीच्या सुट्टीआधी तयार ठेवा, सुट्टीतही दोघा-तिघांनी खुणा करत राहायला हवं. गच्चीवरून पश्चिम दिसत नसेल तर कळवा, रंकाळ्याच्या काठावरून कसं करायचं ते सांगतो.