आई वर झाडावर बसलेली असते

उन्हाळा लागला की माझ्याकडे माकडांच्या पिल्लांविषयी पत्रं येतात. गावं बदलतात, घोळ तोच असतो. म्हणून यावेळी एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न : पाणी नाकाशी आलं की माकडीण पिल्लाला पायाखाली घेते, हे खरं का? (पनवेल)

नाही. ती बिरबलाची गोष्ट आहे. मेलेलं पिल्लू सुकून चामडं होईपर्यंत उराशी धरून फिरणाऱ्या माद्या मात्र मी पाहिल्यात.

प्रश्न : मागच्या चिंचेवर वानरांची टोळी आहे. नुकतंच जन्मलेलं काळं पिल्लू या मादीकडून त्या मादीकडे जातं, आई ढिम्म. चोरी की दत्तक? (चिपळूण)

दोन्ही नाही. वानरांत पहिल्या दिवसापासून हे चालतं. तरण्या माद्यांना पिल्लू हवं असतं, पण धरता येत नाही. उलटं धरतील, कंटाळल्या की फांदीवर ठेवून देतील. तेवढ्यात आई पोटभर पाला खाऊन घेते. लाल तोंडाच्या माकडिणी पिल्लू असं सहज सोडत नाहीत.

प्रश्न : वानरं सूड म्हणून कुत्र्याची पिल्लं पळवतात ना? (बीड)

तुमच्या जिल्ह्यातल्या लवूळ गावची बातमी ना, डिसेंबर 2021ची? ‘सूड’ हा बातमीदारांचा शब्द. अडीचशे पिल्लं मेल्याचा आकडा छापला, मोजली कोणी? वनखात्याने दोन वानरं पकडली, एवढं खरं. वानर परकं पिल्लूही उचलतं, कुरवाळतं. पण कुत्र्याच्या पिल्लाला पोटाला चिकटून राहता येत नाही. ते छपरावरून पडतं, नाहीतर उपाशी मरतं.

प्रश्न : तारेला चिकटून वानरीण गेली. पिल्लू घरी आणलं, तीन दिवस गाईचं दूध पाजतोय. माणसाचा हात लागल्यावर टोळी घेत नाही म्हणतात. आता काय करू? (यवतमाळ)

तीन दिवस! पत्र लिहायला वेळ मिळाला, वनखात्याच्या 1926ला फोन करायला नाही?

हात लागल्याची ती कथा खोटी आहे. पहिले काही तास टोळी तिथेच घुटमळते. पिल्लू टोपलीत घालून त्याच झाडाखाली ठेवायचं आणि लांब जायचं. बऱ्याचदा एखादी मादी खाली येऊन उचलते. पण उचललं म्हणजे पाजलं असं नव्हे. दूध नसलेली तरणी मादी दिवसभर मायेने मिरवेल आणि पिल्लू तिच्या कुशीत भुकेने जाईल. अंगावर पाजणारी, बहुधा स्वतःचं पिल्लू गमावलेली मादी मिळाली, तरच ते दत्तक. पाला खाणारं, वर्षभराचं पिल्लू टोळीत तसंही तगतं.

आणखी एक. टोळीत नवा हुप्प्या, म्हणजे टोळीवर ताबा घेणारा नर, आला असेल तर तो तान्ही पिल्लं मारू शकतो. युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने 1960च्या दशकात धारवाडजवळ हे नोंदवलंय. म्हणून कुठे, कधी सोडायचं ते वनखातं आणि वन्यजीव पशुवैद्यच ठरवतील.

गाईच्या दुधाने हगवण लागते. उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. लंगोट बांधलेल्या पिल्लांचे ‘रेस्क्यू’ व्हिडिओ बघून शिकू नका. तसल्या व्हिडिओंसाठी पिल्लं आईपासून तोडून आणतात. घरात वाढलेलं वानर चार-पाच वर्षांनी सुळे दाखवतं, मग लोक त्याला घाटात सोडून येतात. शिवाय 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळणं गुन्हा आहे. आजच फोन करा.

प्रश्न : पिल्लू चावलं, पण लहान आहे. हळद लावली, चालेल ना? (सातारा)

नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं जखम धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. रेबीजच्या लशीचं डॉक्टरांना विचारा, मला नाही.