स्पेनला निघालेल्या विद्यार्थिनीस

धरमपेठ, नागपूर

प्रिय विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

सालामांकाच्या चार आठवड्यांच्या स्पॅनिश वर्गासाठी तुमच्या बारा जणांचा गट ठरल्याचे तू कळवलेस आणि व्याकरणाची आणखी कोणती तयारी करावी, असे विचारलेस. व्याकरण तुझे बरे आहे. मला काळजी वाटते ती बारा या आकड्याची.

मी गेले तेव्हा आम्ही चौदा जण होतो. नेणाऱ्या मंडळींनी सोयीसाठी आम्हां दोघी मैत्रिणींना एकाच स्पॅनिश कुटुंबाच्या घरी उतरवले, आणि आम्हांला त्याचा आनंदच झाला. सकाळी चार तास वर्ग होई आणि त्यानंतर रात्रीपर्यंत आम्ही मराठी बोलत असू. तिसऱ्या आठवड्यात मैत्रिणीला ताप आला म्हणून मी एकटी औषधाच्या दुकानात गेले. भूतकाळाची सगळी रूपे मला पाठ होती. पण 'तिला कालपासून ताप आहे' एवढे वाक्य तोंडातून बाहेर पडेना. शेवटी कपाळावर हात ठेवून खूण केली आणि गोळ्या घेऊन परतले. म्हणून तुला पहिले सांगणे हे, की राहण्याची वाटणी होण्याआधीच तुमच्या सरांना लेखी कळव, की मला गटातल्या कोणाहीबरोबर एका घरी ठेवू नका. पहिले तीन-चार दिवस रडू येईल, ते येऊ दे.

आपण नागपूरकर या बाबतीत जरा जास्तच सैल आहोत. ऑटोवाला मराठी, बसणारा मराठी, आणि धरमपेठेपासून सीताबर्डीपर्यंत दोघेही हिंदीत बोलत जातात. उतरताना फोनवर दोघेही आपापल्या घरी मराठी बोलू लागतात तेव्हा उलगडा होतो. समोरच्याला सोपे जावे म्हणून भाषा बदलण्याची ही सवय तिथे तुला नडेल. तू दोन शब्दांवर अडखळलीस की दुकानदार इंग्रजीवर येईल. तो भलेपणानेच येईल. तू मात्र हसून स्पॅनिशमध्येच उत्तर दे.

आणि इंग्रजीची तुला गरजही नाही, कारण काही बाबतींत मराठीच स्पॅनिशला अधिक जवळची आहे. 'मला संत्री आवडतात' या वाक्यात क्रियापद माझ्यामागे न जाता संत्र्यांच्या मागे जाते. स्पॅनिशमध्येही तसेच आहे: 'मे गुस्तान लास नारांखास', आणि फळ एकच असेल तर 'मे गुस्ता'. इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी 'यो गुस्तो' म्हणून फसतो. मीही वर्षभर फसत होते. (तो 'नारांखा' शब्दही आपल्या 'नारंग'वरून, फारसी आणि अरबीतून प्रवास करत तिकडे पोहोचला आहे.) त्यांचे त आणि द आपल्यासारखे दातांवरचे आहेत, तिथे इंग्रजी वळणाचा ट उच्चारू नकोस. 'पेरो' म्हणजे 'पण' आणि र घोळवून म्हटलेला 'पेर्रो' म्हणजे कुत्रा, हा फरक मात्र घोटून घे. सालामांकात 'ग्रासियास' न ऐकू येता 'ग्राथियास' ऐकू येईल, त्याने गोंधळू नकोस.

आदरार्थी 'उस्तेद' हा शब्द 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनाचा झिजलेला अवशेष आहे. म्हणूनच त्याला तृतीय पुरुषाचे क्रियापद लागते, जसे आपण समोर उभ्या असलेल्या साहेबांनाच 'साहेबांनी बसावे' म्हणतो. तू राहशील त्या घरच्या बाईंना सुरुवात 'उस्तेद'नेच कर. त्या बहुधा पहिल्याच जेवणात तुला 'तू' म्हणायला सांगतील. त्यासाठी त्यांच्याकडे 'तुतेआर' असे स्वतंत्र क्रियापद आहे, अगदी आपल्या अरे-तुरे करण्यासारखे. सांगितल्यावर संकोच करू नकोस. त्यानंतरही 'उस्तेद' धरून बसलीस तर त्यांना ते परकेपणाचे वाटेल.

तिथे दुपारचे जेवण दोन-तीनला आणि रात्रीचे नऊनंतर असते. जेवून झाल्यावर टेबलाशीच बसून राहण्याच्या वेळेला ते 'सोब्रेमेसा' म्हणतात. आपल्याकडे हात वाळेपर्यंत पाटावर गप्पा रंगत, तोच प्रकार. खरी भाषा मला तिथे भेटली, तीही शेवटच्या आठवड्यात. म्हणून जेवण आटोपताच फोन घेऊन खोलीत जाऊ नकोस. भारतातली घड्याळे उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असतात, तेव्हा आईशी बोलायचे ते तिथल्या दुपारीच बोलून घे.

तू शाकाहारी आहेस, तेव्हा नुसते 'मांस खात नाही' म्हणून भागणार नाही. सॅलडमध्ये ट्यूना मासा निघेल आणि सुक्या हॅमच्या चकत्यांना कोणी मांसात धरणारही नाही. 'नी कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन' असे तिन्ही मोजून सांग. अंडे चालत असेल तर बटाट्याच्या 'तोर्तिया' नावाच्या ऑम्लेटवर तुझे महिनाभर सहज निभेल.

संध्याकाळी गाव प्लासा मायोरमध्ये फिरायला उतरते. हा चौक 1755 मध्ये पूर्ण झाला आणि तिथल्या घड्याळाखाली भेटण्याची लोकांची रीत आहे. गटातल्यांना तिथे भेटायला हरकत नाही, पण एक दिवसाआड. उरलेल्या संध्याकाळी एखादे काम एकटीने कर. 1218 मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर कवटीवर बसलेला एक दगडी बेडूक आहे. तो फोनवर शोधू नकोस. बाकावर बसलेल्या एखाद्या आजोबांना विचार. ते बेडूक तर दाखवतीलच, वर अर्धा तास बोलतील.

व्हिसाचे थोडक्यात: अर्ज निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो, तू त्याच्याही बरीच आधी दे, आणि प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. भेट म्हणून संत्रा बर्फी नेण्याचा तुझा बेत रद्द कर; बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना युरोपीय संघात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. त्याऐवजी करवतकाठी (करवतीच्या दातांसारख्या काठाचा) टसर रेशमाचा स्टोल ने, आणि तो काठ कसा विणतात हे सांगणारी पाच वाक्ये तयार कर.

ती वाक्ये घेऊन रविवारी सकाळी नऊला माझ्याकडे ये. पोहे करीन, दार उघडल्यापासून मात्र मराठी बंद.

तुझी,
बाई