लहानपणी कोकणात खाल्लेली उकड्या तांदळाची पेज घरी कशी करावी?

तांदूळ उकडाच हवा, लालसर जाड दाण्याचा. भात, म्हणजे टरफलासकटचा दाणा, आधी उकडून, वाळवून मग कांडलेला असतो, म्हणून दाणा शिजूनही अख्खा राहतो. साध्या तांदळाची ती चव येत नाही.

एक वाटी तांदूळ धुऊन सात-आठ वाट्या पाण्यात, जाड बुडाच्या टोपात शिजत ठेवा. कुकर नकोच, दाण्याचा गाळ होतो. मंद आचेवर पाऊण तास तरी लागतो. दाणा फुलून बोटांत सहज चेपला आणि वरचं पाणी दाटसर, गुलाबीसर झालं की मीठ घालून उतरवा.

आमच्याकडे सकाळी दहाच्या सुमाराला गरम पेज, कैरीचं लोणचं आणि चुलीत भाजलेला सुका बांगडा असायचा. बांगडा खात नसाल तर फणसाची भाजी घ्या, तीही पेजेबरोबर फार छान लागते.