एच-इंडेक्स बघण्याआधी

अगं, पहिला शोधनिबंध म्हणजे पेपर येतोय ना, मग आधी ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची कायमची ओळख) १६ अंकी क्रमांक काढून घे. नाहीतर नावं वेगवेगळी छापली जातात: कुठे नाव-आडनाव, कुठे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, लग्नानंतर आणखी तिसरंच. माझे पेपर असे तीन 'व्यक्तीं'मध्ये वाटले गेले होते. निस्तरता निस्तरता नाकी नऊ आले.

एच-इंडेक्स म्हणजे आपल्या पेपरांचा इतरांनी किती संदर्भ दिला (उद्धरणं) याचा आकडा. त्याचं गणित सोपं आहे: किमान १० वेळा उद्धृत झालेले १० पेपर असले की तो १०. २००५ साली हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने तो मांडला. गुगल स्कॉलरवर तो सहसा स्कोपस या दुसऱ्या पेपर-सूचीपेक्षा जास्त दिसतो, म्हणून अर्जात आकड्याशेजारी स्रोत लिही. आणि तो कधी कमी होत नाही, त्यामुळे आमच्यासारख्या म्हाताऱ्यांचा फुगलेला दिसतो!

उद्धरणं म्हणजे शाबासकी नव्हे. एमएमआर लसीचा ऑटिझमशी चुकीचा संबंध जोडणारा वेकफिल्डचा १९९८चा पेपर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, तरी त्याची उद्धरणं भरपूर आहेत. उलट गडचिरोलीत बंग दांपत्याने नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीवर केलेलं काम बघ. १९९९च्या त्या 'लॅन्सेट' पेपरचा खरा ठसा आशाताईंच्या घरभेटींत दिसतो.

पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापून देणाऱ्यांच्या ईमेल सरळ डिलीट कर.