सॅन्की आकृती काढली की नुसता गुंता होतो, कोणती सेटिंग बदलू?

तुम्ही लिहिलंय की एक्सेलमध्ये ‘कुठून, कुठे, किती’ अशी दीडशे ओळींची यादी आहे, ती टाकली की पडद्यावर शेवया सांडल्यासारखं दिसतं. सेटिंगकडे येतोच, पण माझ्या अनुभवात निम्मा गुंता यादीतच असतो.

मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. गळीत हंगामात रोज सकाळी कालच्या गाळपाचा हिशेब लावायचा, हे काम. तशी सॅन्की आमच्या भावकीतलीच. कॅप्टन सॅन्की यांनी १८९८ साली वाफेच्या इंजिनात उष्णता कुठे कुठे जाते ते दाखवायला असे जाड-बारीक पट्टे काढले आणि आकृतीला त्यांचं नाव चिकटलं. त्याआधी १८६९ मध्ये मिनार नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने नेपोलियनची रशियावरची स्वारी याच पद्धतीने काढली होती. १ मिलिमीटर जाडी म्हणजे १०,००० माणसं. निघताना ४,२२,००० चा पट्टा, परत येताना १०,००० ची रेघ. जाडी म्हणजे आकडा, एवढाच नियम. फ्लोचार्टमधला बाण फक्त दिशा सांगतो, म्हणून त्याला काहीही खपतं. इथे खपत नाही.

माझी पहिली सॅन्की उसाची होती. आकडे सोयीसाठी गोल करून सांगतो. १०० टन ऊस, त्यातून साखर ११, बगॅस (रस काढून उरलेला चोथा) २८, मळी ४, प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ) ४. झाले ४७. उरलेले ५३ ‘बाष्पीभवन’ म्हणून टाकले. चित्र झकास आलं, बेरीज चोख. साखर शिजवायच्या पॅनवरच्या एका जुन्या माणसाने ते पाहिलं आणि विचारलं, “मिलवर पाणी मारतो ते कुठाय ह्यात?”

चोयट्यात राहिलेली साखर धुऊन काढायला शेवटच्या मिलवर गरम पाणी सोडतात, त्याला आम्ही इंबिबिशन म्हणतो. ते साधारण ३५ टन धरा. म्हणजे आत येतात १३५. मिलमधून बगॅस २८ आणि रस १०७. त्या रसातून साखर ११, मळी ४, प्रेसमड ४ आणि उडवायचं पाणी ८८. मी दाखवलं होतं ५३! ती आकृती काढलीच होती मुळी वाफ कुठे वाचेल ते बघायला, आणि नेमका इव्हॅपोरेटरचा, म्हणजे रस आटवणाऱ्या यंत्राचा, पट्टाच खोटा. ‘उरलेलं’ म्हणून टाकलेला आकडा नेहमीच जुळतो, त्यामुळे जुळण्यावर जाऊ नका. प्रत्येक टप्प्यावर आत किती आणि बाहेर किती, हे दोन्ही वेगवेगळे मोजलेले हवेत.

सॉफ्टवेअर इथे फारसं बोलत नाही. डी-थ्री (कोड लिहून आकृत्या काढायची लायब्ररी) मध्ये आत आणि बाहेर यांतली जी बेरीज मोठी, तेवढी त्या टप्प्याच्या ठोकळ्याची उंची होते. दुसऱ्या बाजूला पांढरी फट राहते, चूक दाखवत नाही. सॅन्कीमॅटिक ही वेबसाइट त्यातल्या त्यात बरी, कुठे जुळत नाही ते सांगतं. मी मात्र आधीच एक्सेलमध्ये प्रत्येक नावापुढे दोन ‘समइफ’ (त्या नावाच्या ओळींची बेरीज करणारं सूत्र) लावतो, एक ‘कुठून’ रकान्यावर, एक ‘कुठे’ रकान्यावर. यात ‘बगॅस’ आणि शेवटी स्पेस पडलेलं ‘बगॅस ’ असे दोन ठोकळे होण्याचा घोळही सापडतो. तुमच्या दीडशे ओळींत हा घोळ असणारच, पैज लावतो.

दुसरी भानगड चक्राची. आमच्याकडे उडालेलं पाणी थंड होऊन कंडेन्सेट होतं आणि त्यातलंच काही परत इंबिबिशनला जातं. तो बाण मी मागे वळवला आणि डी-थ्रीने थेट नकार दिला. गुगल चार्टलाही चक्र चालत नाही. उपाय साधा आहे. एकाच गोष्टीला दोन नावं द्या, डावीकडे ‘इंबिबिशन पाणी’, उजवीकडे ‘कंडेन्सेट, परत मिलला’. बघणाऱ्याला कळतं.

आता सेटिंग. आधी दीडशेच्या वीस-पंचवीस ओळी करा. बारीकसारीक सगळं ‘इतर’मध्ये ढकला, कारण १३५ च्या चित्रात अर्ध्या टनाची रेघ केसाएवढीच दिसते. मग नोड पॅडिंग, म्हणजे ठोकळ्यांमधलं अंतर. डी-थ्रीमध्ये ते मुळात ८ असतं. मराठी अक्षरांना वर वेलांटी, खाली उकार, त्यामुळे मी १८-२० ठेवतो. अलाइनमेंट मुळात ‘जस्टिफाय’ असते, ती पुढे कुठेच न जाणाऱ्या ठोकळ्यांना पार उजवीकडे नेऊन बसवते. म्हणून माझी मिलमधूनच शिल्लक राहिलेली बगॅस साखरेच्या पोत्यांशेजारी जाऊन बसली होती. ‘लेफ्ट’ केलं की ती आपल्या टप्प्यावर येते. ठोकळ्यांचा वरखाली क्रम सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने लावतं. तुमचा क्रम हवा असेल तर डी-थ्रीत नोड सॉर्टला ‘नल’ (null) द्या. प्लॉटली या दुसऱ्या लायब्ररीत प्रत्येक ठोकळ्याची जागा ० ते १ मध्ये हाताने देता येते, फक्त तिथे ठोकळ्यांचे नंबर ० पासून सुरू होतात. ते विसरलात तर सगळे पट्टे एकेक घर सरकतात आणि चित्र तरीही छान दिसतं!

रंग दोन-तीनच ठेवा. ज्या पट्ट्याबद्दल बोलायचंय तो रंगीत, बाकी करडे आणि थोडे पारदर्शक, म्हणजे एकमेकांवरून जाताना दोन्ही दिसतात. एकाच आकृतीत टन आणि रुपये मिसळू नका, जाडीला अर्थ उरत नाही. आणि तुमच्या यादीत मधले टप्पेच नसतील, नुसतं एकातून पाच फुटत असतील, तर सरळ आडवे बार काढा.

छापायला देताना पीएनजी द्या. मी एसव्हीजी दिली होती, छापणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर आमचा फॉन्ट नव्हता. नोटीस बोर्डावर आठवडाभर ‘बगॅस’च्या जागी चौकोन होते.