कोबीवरची अळी: बव्हेरिया मारताना दुकानदाराचं ऐकू नका

प्रश्न (कडोली परिसर): कोबी लावून महिना झाला. पानांची चाळण झाली आहे. दुकानदार म्हणतो, बव्हेरिया दुप्पट घ्या, त्यातच मॅन्कोझेब घाला, एका फवारणीत काम संपेल. मारू का?

उत्तर: अजिबात मारू नका. बव्हेरिया ही अळी मारणारी जिवंत बुरशी आणि मॅन्कोझेब बुरशीनाशक. एका पंपात घातलं तर अळीआधी बव्हेरियाच मरेल. कार्बेन्डाझिम, बोर्डो, कॉपर यांचंही तेच. बुरशीनाशक लागलंच तर मध्ये आठ दिवस जाऊ द्या.

आधी अळी ओळखा. बारीक हिरवी, हात लावताच वळवळून धाग्याला लोंबकळते ती चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची; तिला बव्हेरिया. पानाखाली पुंजक्याने राहून पान खरवडते ती स्पोडोप्टेरा. तिला नोमुरिया, ही तशीच दुसरी बुरशी (डब्यावर मेटारायझियम रिलेयी असंही असतं).

पावडर लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे १६ लिटरच्या पंपाला ८० ग्रॅम. दुप्पट घालून अळी लवकर मरत नाही, दुकानदाराचा डबा तेवढा लवकर संपतो. बुरशी अळीच्या कातडीवर रुजून आत शिरते, त्याला वेळ लागतोच. अळी चौथ्या ते सातव्या दिवशी मरते. दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून जहाल औषध मारायला धावू नका. नोमुरियाने मेलेली अळी पानाला चिकटून कडक होते, आधी पांढरी, मग फिकट हिरवी पूड धरते. ती तशीच राहू द्या. तीच पूड शेजारच्या अळ्यांना लागते.

फवारणी संध्याकाळी पाचनंतरच. दुपारी मारू नका, उन्हाने बीजाणू (बुरशीचं बी) मरतात. दुकानदार 'कधीही मारा' म्हणेल; मारू नका. हवेत ८० टक्क्यांच्या वर ओलावा हवा. आपल्याकडच्या पावसाळी ढगाळ दिवसांत गुण येतो, एप्रिलच्या कोरड्या उन्हात पैसे वाया. कोबीचं पान मेणचट, म्हणून चिकटद्रव्य घालाच आणि नोझल पानाखाली धरा. अळ्या लहान असतानाच मारा. गड्ड्यात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. पत्र्याखाली तापलेला किंवा मुदत संपलेला डबा घेऊ नका. शेजारी तुती असेल तर यातलं काहीच फवारू नका, रेशीमकिडेही मरतात.

पुढच्या लावणीला मोहरी विसरू नका. कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी, एक लावणीआधी १५ दिवस, दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी. पतंग मोहरीवर अंडी घालतो, अळ्या तिथेच फवारून मारता येतात. एवढं केलं तर कोबीवर फवारण्या कमी लागतात.

अनुदानाची चौकशी तालुक्याच्या बागायत खात्यात करा; पहाणी उतारा आणि फ्रूट्स आयडी (कर्नाटकातला शेतकरी नोंदणी क्रमांक) सोबत न्या.